चित्रकर्ती अमृता शेरगिल

दिल्लीत इंडिया गेटनजीकच्या जयपूर हाउसमध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय १९५४ मध्ये सुरू झाले. तेथील सर्वांत मोलाच्या ठेव्यांपैकी एक म्हणजे अवघ्या अठ्ठावीस वर्षांचे आयुष्य लाभलेल्या अमृता शेरगिल यांची चित्रे.

अमृतांचा जन्म ३० जानेवारी १९१३ रोजी बुडापेस्ट येथे झाला. वडील उमरावसिंह संस्कृत-फारसीचे व्यासंगी शीख सरदार, तर आई हंगेरियन गायिका. १९२१ मध्ये कुटुंब सिमल्यास आले. सोळाव्या वर्षी अमृता चित्रकलेच्या शिक्षणासाठी पॅरिसला गेल्या. दृक्‌प्रत्ययवादी चित्रकारांनी तेथे रंग आणि प्रकाश यांकडे पाहण्याची दृष्टीच पालटून टाकली होती. त्यांच्यानंतरच्या सेझान आणि गोगँ यांचा अमृतांवर खोल ठसा उमटला. ‘तरुण मुली’ या १९३२ मधील चित्राने त्यांना पॅरिसच्या प्रतिष्ठित वार्षिक प्रदर्शनात सुवर्णपदक आणि तेथील सहसदस्यत्वही मिळवून दिले. त्या वेळी त्यांची विशीही पुरती उलटली नव्हती.

एवढे यश पदरी असताना १९३४ च्या अखेरीस त्या भारतात परतल्या. येथे स्वागत झाले ते थंडेच. सिमल्याच्या कला संस्थेने त्यांची काही चित्रे नाकारून एकास पारितोषिक दिले, तेव्हा त्यांनी ते बाणेदारपणे परत केले. चित्रे विकली जात नव्हती. तरी खरेदीदारांच्या आवडीखातर त्यांनी कुंचला वळवला नाही.

तो वळला अजिंठ्याच्या लेण्यांत. १९३६ च्या अखेरीस मुंबईत प्रदर्शन भरवून त्या दक्षिणेच्या प्रवासास निघाल्या. अजिंठ्याची भित्तिचित्रे आणि पुढे कोचीनजवळील मट्टनचेरी राजवाड्यातील चित्रे पाहून त्यांना रेषेचे नवे सामर्थ्य गवसले. पॅरिसमध्ये शिकलेल्या हाताला गुरू भेटले ते शतकानुशतकांपूर्वीचे, नावही मागे न ठेवणारे चित्रकार! सिमल्यास परतताच १९३७ मध्ये त्यांनी ‘वधूचा शृंगार’, ‘ब्रह्मचारी’ आणि ‘बाजारास निघालेले दाक्षिणात्य ग्रामस्थ’ ही चित्रे रंगविली. त्यांतील माणसे सावळी, अबोल आणि साधी आहेत. मात्र ती दयेची याचना करीत नाहीत. त्याच वर्षी ‘तीन मुली’ या चित्रास बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक लाभले.

१९३८ मध्ये डॉ. व्हिक्टर एगन यांच्याशी विवाह झाल्यावर त्या गोरखपूरनजीक सराया येथे राहिल्या. १९४१ मध्ये दोघे लाहोरला आले. तेथे प्रदर्शनाची तयारी चालू असतानाच अल्पशा आजाराने डिसेंबरच्या आरंभी त्यांचे निधन झाले. घराच्या गच्चीवरून दिसणारी शेजारची घरे आणि म्हशी त्या रंगवीत होत्या. ते चित्र अपुरेच राहिले.