भंगारातला कॉम्प्युटर आणि पुण्याचे काका केळकर

तुमचा पहिला स्मार्टफोन आता कुठे आहे? माझा मी एक्स्चेंजमध्ये देऊन टाकला. जुनं ते जुनं, असंच वाटायचं मला. मग वडशातल्या एका ओळखीच्या काकांनी डीटीपीचं दुकान बंद केलं आणि त्यांचा विंडोज ९८ वाला कॉम्प्युटर भंगारवाल्याच्या गाडीवर चढला. मी तो उतरवून घेतला, अन् सोबत फ्लॉपीचा एक डबाही.

का घेतला? वडसा म्हणजे झाडीपट्टी नाटकांचं गाव. दिवाळीनंतर सीझन सुरू झाला की रात्र रात्र नाटकं चालतात. त्यांची पत्रकं, काही नाटकांच्या संहिता याच मशीनवर टाईप झाल्या होत्या. लेखकांच्या हातच्या वह्या आता कोणाकडेच नाहीत.

घरच्यांनी विचारलं, हे डबडं कशाला? तेव्हा मला पुण्यात पाहिलेलं राजा दिनकर केळकर संग्रहालय आठवलं. कारण हा प्रश्न ज्या माणसाला आयुष्यभर ऐकावा लागला असेल, त्याचंच ते घर.

दिनकर गंगाधर केळकर, म्हणजेच काका केळकर, यांचा जन्म १८९६ चा. घरचा धंदा चष्म्यांचा. मन मात्र कवितेत आणि इतिहासात. ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविता लिहायचे. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. आता जुनं जमवणारे तेव्हाही होते, पण केळकरांनी काय जमवलं बघा: अडकित्ते, दिवे, कुलपं, दौती, फण्या, पाय घासायच्या वजऱ्या, स्वयंपाकघरातली भांडी, वाड्यांचे दरवाजे. घरोघरी रोज वापरात होत्या, म्हणूनच कोणी जपून ठेवल्या नाहीत, अशा वस्तू. वीज आली तसे दिवे अडगळीत गेले, वाडे पडले तशी दारं जळणाला. केळकर त्यांच्या मागे देशभर फिरले. पत्नी कमलाबाई या कामात त्यांच्या बरोबरीने होत्या.

त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. संग्रहालयाच्या नावातला ‘राजा’ तो. मी आधी समजत होतो की कुठल्यातरी संस्थानाच्या राजाचं नाव असेल.

१९६० पर्यंत हा संग्रह सुमारे १५,००० वस्तूंवर गेला होता. एका माणसाच्या घरात! (आपण गॅलरीतले स्क्रीनशॉट मोजत नाही, ती गोष्ट वेगळी.)

केळकरांची मला सगळ्यात जास्त कामाला आलेली गोष्ट म्हणजे मस्तानी महाल. पेशवे पहिले बाजीराव यांनी मस्तानीसाठी कोथरूडला महाल बांधला होता. त्याचे अवशेष केळकरांनी आणले आणि संग्रहालयात पुन्हा उभे केले. एखादा नक्षीदार खांब काचेत ठेवला असता तरी लोकांनी पाहिला असता. पण त्या दालनात उभं राहिलं की खोली कशी होती ते कळतं. सुटा खांब ते सांगत नाही.

माझ्या कॉम्प्युटरचंही तेच निघालं. आधी वाटलं, हार्ड डिस्क काढायची, फाईल घ्यायच्या, बाकी डबा द्यायचा. डिस्क कन्व्हर्टर लावून लॅपटॉपला जोडली. सगळ्यात आधी पूर्ण डिस्कची इमेज घेतली, कारण जुनी डिस्क कधी दगा देईल सांगता येत नाही. संहितेची फाईल उघडली, तर स्क्रीनवर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता कचरा! तुम्ही आज फोनवर मराठी लिहिता ते युनिकोडमध्ये. त्यात ‘क’ ला स्वतःचा नंबर असतो, फोन कुठलाही असो. त्या काळच्या डीटीपी फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजीच्या नंबरांवर बसवलेली असायची. तो फॉन्ट नसेल तर मजकूर असून नसल्यासारखा. आणि तो फॉन्ट होता त्याच मशीनवर, त्याच सॉफ्टवेअरसोबत.

म्हणजे आख्खा महाल उभा करणं आलं.

मदरबोर्डवरचे पाच कपॅसिटर फुगले होते. चंद्रपुरात एका टीव्ही दुरुस्तीवाल्या दादांकडे जुळणारे मिळाले. मायक्रोफॅरड तेवढेच हवेत, व्होल्टेज तेवढं किंवा जास्त चालतं, आणि प्लस-मायनस उलटं झालं तर फुटतो. काढायच्या आधी प्रत्येक वायरचा फोटो घेतला. घड्याळ चालवणारा गोल सेल मेला होता, तो बदलला. मॉनिटर मात्र उघडला नाही, तुम्हीही उघडू नका. पिक्चर ट्यूबमध्ये प्लग काढल्यावरही जीवघेणा करंट साठून राहतो.

तिसऱ्या प्रयत्नाला विंडोज सुरू झालं. फाईल उघडली आणि पहिल्या अंकाचा पहिला प्रवेश मराठीत समोर! दुकानवाल्या काकांना बोलावलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, नुसता माऊस फिरवत बसले.

केळकरांनी १९७५ साली आपला संग्रह महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व विभागाकडे सोपवला. १९९० साली ते गेले. आज तिथे २०,००० हून जास्त वस्तू आहेत, आणि मांडायला जागा आहे जेमतेम अडीच हजारांना. बाकीच्या आत आहेत. पुण्याला गेलात तर बाजीराव रोडवरून आत वळा, अडकित्त्यांपाशी जरा थांबा.

आमचं मशीन गावातल्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात दोन दिवस चालू ठेवलं होतं. पोरं सगळ्यात आधी स्क्रीनला बोट लावून बघत होती. अकरा फ्लॉप्यांपैकी आठ वाचल्या गेल्या. उरलेल्या तिघींवर बुरशी आहे. पावसाळा संपला की त्या साफ करून बघणार आहे. त्यातल्या एकीवर पेनाने तिसरा अंक असं लिहिलंय.