हर्ट्झची खोली

होस्टेलमध्ये वाय-फाय स्लो झालं की पहिली शिवी राउटरला बसते. मधली भिंत, लोखंडी कपाट किंवा दारात उभा राहून गप्पा मारणारा रूममेट यांच्यावर कुणी संशय घेत नाही. पण त्या राउटरच्या खोक्यावर २.४ गिगाहर्ट्झ असं छापलेलं असतं, आणि त्यातल्या हर्ट्झचं अर्धं आयुष्य याच संशयात गेलं म्हटलं तरी चालेल.

हाइन्रिश हर्ट्झचा जन्म २२ फेब्रुवारी १८५७ रोजी हॅम्बुर्गला झाला. वडील वकील. स्वारी निघाली होती इंजिनिअर व्हायला! पण १८७७ मध्ये म्युनिकला पोचल्यावर त्याने वडिलांना पत्र लिहून भौतिकशास्त्राकडे जायची परवानगी मागितली, आणि ती मिळालीही. (आपल्या घरी काय झालं असतं ते सांगायला नको.) बर्लिनला हेल्महोल्ट्झच्या हाताखाली १८८० मध्ये डॉक्टरेट, मग कील, आणि १८८५ मध्ये कार्ल्सरूहच्या तंत्रशिक्षण महाविद्यालयात प्राध्यापकी.

विद्युतचुंबकीय लहरी प्रकाशाच्या वेगाने धावतात हे मॅक्सवेलने गणिताने मांडलं होतं. पण त्या कुणी पकडून दाखवल्या नव्हत्या. हर्ट्झचा रिसीव्हर म्हणजे तारेचं एक कडं आणि त्यात बारीकशी फट. लहर आली की फटीत इवलीशी ठिणगी उडायची. अंधारात डोळे ताणून ती बघायची, बस्स.

१८८७ मध्ये ठिणगी नीट दिसावी म्हणून त्याने रिसीव्हरवर काळी पेटी घातली, तर ठिणगी उलट आखूड झाली! दुसरा कुणी असता तर पेटी फेकून मोकळा झाला असता. हा शोधत बसला. दोष पेटीच्या एकाच बाजूचा निघाला, पाठवणाऱ्या ठिणगीकडच्या. तिथे काच लावली तरी तेच. क्वार्ट्झ लावला आणि ठिणगी पूर्ववत झाली. म्हणजे अडत होता तो अतिनील प्रकाश. फोटोइलेक्ट्रिक इफेक्ट हाती लागला तो असा, दुसरंच काही दुरुस्त करताना.

१८८८ मध्ये त्याने लेक्चर हॉल ताब्यात घेतला. १५ मीटर लांब, १४ मीटर रुंद, पण लोखंडी खांबांच्या दोन रांगा भिंतीसारख्या वागत असल्याने कामाची रुंदी साडेआठ मीटरच. लोंबणारे गॅसचे पाइप आणि झुंबरं काढली, बाकं हलेनात म्हणून तशीच ठेवली. समोरच्या भिंतीवर ४ मीटर उंच जस्ताचा पत्रा ठोकला. जाणारी आणि पत्र्यावरून परतणारी लहर एकमेकींवर पडून हॉलमध्ये काही ठिकाणी ठिणगी जोरात, काही ठिकाणी जवळपास नाहीच. खोलीच्या एका कोपऱ्यात नेट चालतं आणि दोन पावलांवर मरतं, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

पुढे ६६ सेंटिमीटरच्या लहान लहरी वापरल्या तेव्हा त्या बंद लाकडी दारातून पलीकडे गेल्या. मदतनीस मधून चालत गेला की मात्र ठिणगी विझायची.

खरी पंचाईत वेगाची होती. लांब लहरींच्या मोजणीत तारेतली लहर हवेतल्या लहरीपेक्षा बरीच मंद निघाली. मॅक्सवेलप्रमाणे दोन्ही जवळपास सारख्या हव्यात. लहान लहरींना फरक दिसेना. मग गफलत कुठे? लांब लहर सुमारे पावणेदहा मीटरची; तिला तो हॉलच पुरत नव्हता. शिवाय त्याच्या एका आकडेमोडीत वर्गमूळ दोनची चूक आहे हे प्वांकारेने दाखवून दिलं. १८९२ मध्ये आपले निबंध एकत्र छापताना हर्ट्झने प्रस्तावनेत ही चूक आणि खोलीवरचा संशय दोन्ही स्वतःच मांडले. जगभर नाव झालेल्या माणसाला हे झाकताही आलं असतं.

तोवर तो बॉनला प्राध्यापक होता आणि दुखण्याने बेजार होता, ऑपरेशनवर ऑपरेशन. १८९३ मध्ये जिनिव्हाच्या साराझाँ आणि द ला रीव्ह यांनी मोठ्या दालनात, मोठा पत्रा लावून तोच प्रयोग केला. दोन्ही वेग सारखे निघाले. १ जानेवारी १८९४ रोजी हर्ट्झ गेला. वय ३६. मागे पत्नी एलिझाबेथ आणि दोन लहान मुली.