रीडिंग न जुळवणारा माणूस

फिजिक्स लॅबमध्ये मायकेल्सन इंटरफेरोमीटरचं प्रॅक्टिकल केलंय? डोळा लावून, श्वास रोखून एकेक पट्टा मोजायचा. कुणाचा टेबलाला धक्का लागला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आणि उत्तर पुस्तकाशी जुळलं नाही, की हळूच शेजारच्या बॅचच्या जर्नलमध्ये डोकवायचं. खरं सांगा, डोकावलंय ना? मग ज्याच्या नावाचं ते यंत्र आहे, त्याची गोष्ट ऐकाच.

अल्बर्ट मायकेल्सनचा जन्म १८५२ चा, आताच्या पोलंडमधल्या स्ट्रेल्नो गावचा. तो लहान असतानाच घरच्यांनी अमेरिका गाठली. सोन्या-चांदीच्या खाणींभोवती वसलेल्या गावांमध्ये वडील दुकान चालवायचे. नौदल अकादमीतली जागा हुकली, तेव्हा हा पोरगा थेट वॉशिंग्टनला जाऊन राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांना भेटला आणि प्रवेश मिळवूनच थांबला!

पुढे तिथेच शिकवताना, वर्गात प्रयोग दाखवता दाखवता त्याला प्रकाशाच्या वेगाचं वेड लागलं. १८७९ मध्ये, वयाच्या २६ व्या वर्षी, त्याने तो मोजला: सेकंदाला २,९९,९१० किलोमीटर. आजचा आकडा आहे २,९९,७९२.४५८. फरक बघा किती कमी!

त्यानंतर आलं तुमच्या लॅबमधलं यंत्र. कल्पना साधी आहे. अर्धवट चांदीचा मुलामा दिलेल्या काचेने प्रकाशाचे दोन भाग करायचे, ते काटकोनात दोन आरशांकडे पाठवायचे आणि परत एकत्र आणायचे. मग काळे-उजळ पट्टे दिसतात. एक आरसा अर्ध्या तरंगलांबीने, म्हणजे मिलिमीटरच्या सुमारे तीन हजाराव्या भागाने हलला, तरी एक पूर्ण पट्टा सरकतो.

त्या काळी सगळे मानायचे, की अवकाश ‘ईथर’ नावाच्या माध्यमाने भरलंय. पृथ्वी त्यातून धावते, तर दोन दिशांच्या प्रकाशात फरक पडायलाच हवा. १८८७ मध्ये क्लीव्हलंडला मायकेल्सन आणि एडवर्ड मॉर्ले यांनी पाऱ्यावर तरंगणाऱ्या मोठ्या दगडी शिळेवर यंत्र मांडलं. पट्टे सुमारे ०.४ ने सरकायला हवे होते. दिसलं त्याच्या विसाव्या भागाहूनही कमी.

आता स्वतःला त्याच्या जागी ठेवा. वर्षांची मेहनत, जगभरातले दिग्गज एका बाजूला आणि तुमचं रीडिंग दुसऱ्या बाजूला. मायकेल्सनचा स्वतःचाही ईथरवर विश्वास होता, तो शेवटपर्यंत पुरता सुटला नाही. उत्तर त्याला आवडलं नव्हतं. तरी जे दिसलं तेच त्याने छापलं. १९०५ मध्ये आइन्स्टाइनने ईथरची गरजच नाही असं मांडलं, तेव्हा हाच ‘फसलेला’ प्रयोग त्या सिद्धांताचा भक्कम आधार ठरला.

मायकेल्सन मात्र रडत बसला नव्हता. १८९२-९३ मध्ये पॅरिसजवळ त्याने प्रमाण मीटरची पट्टी कॅडमियमच्या लाल प्रकाशात मोजली: सुमारे १५,५३,१६३.५ तरंगलांबी. धातूच्या पट्टीऐवजी प्रकाशानेच लांबी ठरवायची वाट इथून खुली झाली. १९०७ चं नोबेल त्याला मिळालं ते ईथरसाठी नाही, तर अशा अचूक उपकरणांसाठी आणि मोजमापांसाठी. विज्ञानातलं नोबेल मिळवणारा तो पहिला अमेरिकन. १९३१ मध्ये तो गेला, तेव्हाही कॅलिफोर्नियात मैलभर लांबीच्या निर्वात नळीत प्रकाशाचा वेग मोजायचं काम चालूच होतं.

आज कारखान्यात सीएनसी मशीन किती अचूक सरकतं हे तपासायला लेझर इंटरफेरोमीटर लावतात. तत्त्व तेच, फक्त दिव्याच्या जागी लेझर आणि डोळ्याच्या जागी सेन्सर. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या लायगोने गुरुत्वीय लहरी पकडल्या, त्याही चार-चार किलोमीटर बाहूंच्या अशाच यंत्राने. आणि लायगो-इंडियासाठी निवडलेली जागा कुठे आहे माहितीये? आपल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ.

म्हणून पुढच्या प्रॅक्टिकलला रीडिंग जुळलं नाही, तर खोडरबर बाजूला ठेवा. पुन्हा मोजा. सेटिंग तपासा. तरीही तेच आलं, तर तेच लिहा आणि सरांना विचारा, असं का आलं? एखादा मार्क जाईलही. पण ते रीडिंग तुमचं स्वतःचं असेल.