जागच्या जागी उडी घेणारा अभियंता

लांब उडी म्हटली की डोळ्यांपुढे आधी येते ती खेळाडूची धाव. त्या धावेचा वेगच त्याला पुढे फेकत असतो. पण एके काळी ऑलिम्पिकमध्ये अशाही उड्या होत्या, ज्यात एक पाऊलही धावायची मुभा नव्हती. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभे राहायचे, गुडघे वाकवायचे, हात झोकायचे आणि उडायचे. सारा भार केवळ पायांच्या ताकदीवर. या उड्यांचा अनभिषिक्त सम्राट ठरला तो लहानपणी ज्याचे पाय निकामी होतील अशी भीती होती, असा माणूस. रेमंड क्लॅरेन्स यूरी हे त्याचे नाव.

अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या लाफायेट गावी १४ ऑक्टोबर १८७३ रोजी त्याचा जन्म झाला. आईवडिलांचे छत्र लवकर हरपले. त्यातच पोलिओने गाठले आणि काही काळ चाकांची खुर्ची नशिबी आली. पोलिओवर तेव्हा औषध नव्हते आणि लसही नव्हती. ती यायला १९५० चे दशक उजाडावे लागले. रे यूरीच्या हाती उरला तो व्यायाम. पायांना बळ यावे म्हणून त्याने उड्या मारायला सुरुवात केली. उपचार म्हणून धरलेली ही वाट पुढे त्याला कुठे नेणार होती, याची तेव्हा कुणाला कल्पना असणार!

घराजवळच्याच पर्ड्यू विद्यापीठात त्याने यांत्रिक अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. १८९४ मध्ये पदवी मिळाल्यावर पुढचे शिक्षणही तिथेच झाले. कॉलेजच्या मैदानी खेळांच्या संघाचा तो कर्णधार होता. नंतर नोकरीच्या निमित्ताने तो न्यूयॉर्कला आला आणि तिथल्या अॅथलेटिक क्लबच्या वतीने स्पर्धांत उतरू लागला.

१६ जुलै १९०० हा त्याच्या आयुष्यातला सोनेरी दिवस. पॅरिसच्या ऑलिम्पिकमध्ये, बुलोन्यच्या रानातील हिरवळीवर, त्याने एकाच दिवसात उंच, लांब आणि तिहेरी अशा जागेवरून घ्यायच्या तिन्ही उड्या जिंकल्या. उंच उडीत त्याने १.६५५ मीटरची मजल मारली. सरासरी उंचीच्या माणसाच्या कपाळाइतक्या आडव्या दांडीवरून धाव न घेता पलीकडे जाणे म्हणजे काय, याची कल्पना ज्याने त्याने उभ्या जागी एकदा उडी मारून पाहिल्यावरच येईल. तिन्ही उड्यांत दुसरा आला तो त्याचाच देशबंधू आयर्विंग बॅक्स्टर. प्रेक्षकांनी यूरीला ‘मानवी बेडूक’ असे नाव दिले. याच पॅरिसमध्ये कोलकात्यात जन्मलेल्या नॉर्मन प्रिचर्डने दोन रौप्यपदके मिळवली होती.

सेंट लुई येथे १९०४ मध्ये पुन्हा तीन सुवर्णपदके आली. त्या स्पर्धेला युरोपातून फारसे कुणी आले नव्हते, हे खरे. पण तिथे त्याने मारलेली ३.४७ मीटरची लांब उडी प्रतिस्पर्धी कोण होते यावर अवलंबून नव्हती. तिहेरी उडी त्यानंतर कार्यक्रमातून वगळली गेली. १९०६ मध्ये अथेन्सला दोन आणि १९०८ मध्ये लंडनला, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, आणखी दोन सुवर्णपदके त्याने घेतली. अथेन्सची स्पर्धा आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समिती अधिकृत मानत नाही, त्यामुळे हिशेबात धरली जातात ती आठच. मात्र धरा किंवा सोडा, ऑलिम्पिकच्या मैदानात उतरल्यावर तो एकदाही हरला नाही.

लंडनमध्ये लांब उडीत दुसरा आलेला ग्रीसचा कॉन्स्टँटिनोस त्सिक्लितिरास १९१२ मध्ये स्टॉकहोमला पहिला आला, तो ३.३७ मीटरवर. यूरीचा विक्रम तरीही दहा सेंटीमीटर पुढेच राहिला. स्टॉकहोमनंतर हे क्रीडाप्रकारच ऑलिम्पिकमधून बाद झाले आणि त्यांच्याबरोबर यूरीचे नावही विस्मरणात गेले.

त्याला मात्र पोटापाण्याची चिंता नव्हती, कारण खेळ हा त्याचा व्यवसाय कधीच नव्हता. त्या काळी ऑलिम्पिक हौशी खेळाडूंचेच होते. सुवर्णपदकाला जोडून पैसा येत नसे. यूरी न्यूयॉर्क शहराच्या पाणीपुरवठ्यात जलअभियंता म्हणून काम करत होता. ते दिवसही मोठ्या उभारणीचे होते. कॅट्सकिल डोंगरातले पाणी दीडशे किलोमीटरच्या आसपास लांबीच्या जलवाहिनीतून शहराला पुरवण्याची योजना १९०७ पासून आकार घेत होती आणि तिच्यात हडसन नदीच्या तळाखालून, खोल खडक पोखरून पाणी न्यायचे होते. नळ उघडताच पाणी आले की त्यामागच्या अभियंत्याची आठवण कुणी काढत नाही. यूरीच्या वाट्याला ही अनामिकता दोन्हीकडून आली.

२९ सप्टेंबर १९३७ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याचे निधन झाले. वैयक्तिक स्पर्धांतील सर्वाधिक सुवर्णपदकांचा त्याचा विक्रम त्यानंतरही ७१ वर्षे टिकला. २००८ मध्ये बीजिंगच्या जलतरण तलावात मायकेल फेल्प्सने तो मागे टाकला, तेव्हा कुठे वृत्तपत्रांना जुने आकडे शोधावे लागले आणि रे यूरी हे नाव पुन्हा एकदा छापून आले.