जगदीशचंद्र बोस: बॉडी स्कॅनरमध्ये वापरतात तशा लहरी एकोणिसाव्या शतकात तयार करणारा शास्त्रज्ञ

भिवंडीच्या निजामपुऱ्यातून परदेशी नोकरीसाठी निघालेला माणूस विमानतळावर सुरक्षा तपासणीच्या रांगेत उभा आहे, असं समजा. जगातल्या अनेक विमानतळांवर आता त्याला एका काचेच्या कक्षात हात वर करून उभं राहायला सांगतात. काही सेकंदांत स्क्रीनवर माणसाची साधी आकृती दिसते. कमरेला किंवा खिशात काही राहिलं असेल, तर नेमक्या त्या जागी खूण उमटते. ना कपडे काढावे लागतात, ना कुणी अंगाला हात लावतं.

हे काम करतात मिलिमीटर लहरी, म्हणजे अगदी आखूड मायक्रोवेव्ह लहरी. मागावर विणलेलं कापड त्यांच्या वाटेत जवळपास नसल्यासारखंच असतं. त्वचेत पाणी असल्याने तिथून मात्र त्या परततात. धातू, प्लास्टिक किंवा स्फोटकाची पुडी त्यांना वेगळ्या पद्धतीने परतवते. हा फरक टिपून संगणक चित्र तयार करतो.

असा स्कॅनर जगदीशचंद्र बोस यांनी बनवला नव्हता. पण या लहरी प्रयोगशाळेत तयार करून त्या कशातून आरपार जातात आणि कशावरून परततात, हे मोजणाऱ्या पहिल्या शास्त्रज्ञांमध्ये त्यांचं नाव घ्यावं लागतं.

तीन वर्षं बिनपगारी नोकरी

बोस यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ चा, आजच्या बांगलादेशातला. वडील सरकारी अधिकारी होते, तरी त्यांनी मुलाला आधी बंगाली शाळेत घातलं. पुढे कलकत्त्याच्या सेंट झेवियर्समध्ये शिकून १८८० मध्ये ते डॉक्टर व्हायला लंडनला गेले. तिथे तापाने हैराण केल्यामुळे वैद्यकीय शिक्षण सोडावं लागलं आणि ते केंब्रिजला विज्ञान शिकू लागले. लॉर्ड रॅले तिथे त्यांचे शिक्षक होते.

१८८५ मध्ये ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. तेव्हा भारतीय प्राध्यापकाला युरोपीय प्राध्यापकापेक्षा कमी पगार मिळायचा. बोस यांची नेमणूक हंगामी असल्याने त्यांना तर आणखी कमी देऊ केला गेला. त्यांनी नोकरी सोडली नाही, पण पगारही घेतला नाही. घरावर कर्ज असताना तीन वर्षं त्यांनी फुकट शिकवलं. शेवटी प्रशासन नमलं आणि मागच्या तारखेपासूनचा पूर्ण पगार त्यांना मिळाला.

लहर आखूड का केली?

जर्मनीच्या हाइनरिख हर्ट्झ यांनी १८८० च्या दशकात विद्युतचुंबकीय लहरी सिद्ध केल्या होत्या. त्यांच्या लहरींची लांबी अर्ध्या मीटरहून जास्त होती. या लहरी प्रकाशासारख्याच वाकतात, हे दाखवायला हर्ट्झ यांना डांबराचा सुमारे दीड मीटर उंचीचा लोलक लागला.

बोस यांनी १८९४ मध्ये संशोधन सुरू केलं, तेव्हा त्यांच्याकडे कॉलेजातली २४ चौरस फुटांची जागा आणि हाताशी एक स्थानिक पत्राकाम कारागीर होता. इतक्या जागेत हर्ट्झ यांचा लोलक मावणार कुठे? पण लहरच आखूड केली, तर उपकरणंही टेबलावर मावणार होती. बोस यांनी ५ ते २५ मिलिमीटर लांबीच्या लहरी तयार केल्या. आजच्या भाषेत सांगायचं, तर १२ ते ६० गिगाहर्ट्झ.

त्यांची साधनंही साधी होती. गंधकाचा लोलक, लहर वाहून नेणाऱ्या धातूच्या नळ्या आणि ती गोळा करणारं नरसाळं. लहरीच्या कंपनाची दिशा तपासायला त्यांनी रेल्वेच्या जाड वेळापत्रकाच्या पानांत धातूचे वर्ख घातले. पीळ दिलेल्या तागाच्या जुडीतून लहर गेली की ही दिशा फिरते, हेही त्यांनी दाखवलं.

१८९५ मध्ये कलकत्त्यात त्यांनी लोकांसमोर प्रयोग केला. अदृश्य लहरी भिंतींतून पार झाल्या, पलीकडे घंटा वाजली आणि बंदुकीच्या दारूचा स्फोट झाला. २९ जानेवारी १८९७ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचं व्याख्यान झालं.

मग हे काम मागे का पडलं?

कारण तेव्हा जगाला दूरवर संदेश पाठवायचे होते आणि त्यासाठी लांब लहरी सोयीच्या होत्या. मार्कोनी यांनी त्याच वाटेने जाऊन १९०१ मध्ये अटलांटिकपार संकेत पोहोचवला. आखूड लहरींना गिऱ्हाईकच नव्हतं.

बोस यांनाही व्यापारात रस नव्हता. मित्रांच्या आग्रहावरून त्यांनी अमेरिकेत एकच पेटंट घेतलं. गॅलेना या शिशाच्या खनिजापासून बनवलेल्या लहर-शोधकाचं ते पेटंट १९०४ मध्ये मंजूर झालं, पण त्यातून पैसे कमावण्याचा प्रयत्न त्यांनी केला नाही. तोवर ते वनस्पतींच्या अभ्यासाकडे वळले होते. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवणारे पॅट्रिक गेडिस यांनी १९२० मध्ये बोस यांचं चरित्र लिहिलं, त्यातही मोठी जागा वनस्पतींनाच आहे.

१९१७ मध्ये त्यांनी कलकत्त्यात बोस इन्स्टिट्यूट उभारली. १९२० मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह इथे त्यांचं निधन झालं.

लहर परत आली

दुसऱ्या महायुद्धात रडारसाठी मायक्रोवेव्हची गरज भासली आणि आखूड लहरींचे दिवस पालटले. लहर जितकी आखूड, तितका तपशील बारीक दिसतो. म्हणजे जी लहर दूरच्या संदेशाला गैरसोयीची होती, तीच लपवलेली वस्तू शोधायला कामाची ठरली. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेच्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेत या लहरींनी माणसाची तपासणी करण्याचं तंत्र विकसित झालं. त्यातून आलेले प्रचलित स्कॅनर २४ ते ३० गिगाहर्ट्झवर चालतात, म्हणजे बोस यांच्याच पट्ट्यात.

२००९ च्या नाताळात डेट्रॉईटला जाणाऱ्या विमानात एका प्रवाशाने अंतर्वस्त्रात स्फोटकं लपवून नेली होती. धातू शोधणाऱ्या दाराला अशी स्फोटकं सापडत नाहीत. त्यानंतर असे स्कॅनर झपाट्याने वाढले. भारतातही २०१९ मध्ये नागरी विमान सुरक्षा विभागाने संवेदनशील विमानतळांवर बॉडी स्कॅनर बसवायला सांगितलं.

२०१२ मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संघटनेने बोस यांच्या १८९४ ते १८९६ मधल्या प्रयोगांना मैलाचा दगड म्हणून मान्यता दिली. बोस यांनी या लहरींनी बंदुकीची दारू उडवून दाखवली होती. आज तशाच लहरींनी लपवलेली स्फोटकं शोधली जातात.