र. धों. कर्वे : ‘समाजस्वास्थ्य’चे एकाकी संपादक

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ज्येष्ठ पुत्र रघुनाथ यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी झाला. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात ते गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ मध्ये त्यांनी संततिनियमन केंद्र सुरू केले. याच कार्यापायी त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढले. लैंगिक प्रश्नांची शास्त्रीय चर्चा करणाऱ्या या मासिकावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांची बाजू मांडली. तरीही दंड झालाच. पत्नी मालतीबाईंच्या साथीने, पदरमोड करून त्यांनी अखेरपर्यंत मासिक चालविले. १९५२ मध्ये कुटुंबनियोजन हा शासकीय कार्यक्रम झाला. पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर रोजी, कर्वे यांचे निधन झाले.