उसन्या झोपेची किंमत

इंग्लंडचा नामवंत कवी आणि चित्रकार दान्ते गॅब्रिएल रोझेट्टी १८२८ साली लंडनमध्ये जन्मला. अफूच्या अर्काचे अतिसेवन होऊन त्याची पत्नी एलिझाबेथ सिडल १८६२ मध्ये मरण पावली. त्या आघातानंतर पुढे निद्रानाशाने त्याचा पिच्छा पुरविला. १८६९ मध्ये बर्लिनच्या लीब्राइख यांनी क्लोरल हायड्रेटचा निद्राकारक गुण दाखवून दिला. हे नवे औषध अफूपेक्षा निर्धोक मानले गेले. रोझेट्टीला ते सुचविले एका मित्राने. प्रारंभी झोप लागली. मग शरीर सरावले, मात्रा वाढत गेली आणि जोडीला व्हिस्की आली. मद्याने क्लोरलचा घातक प्रभाव अधिकच वाढतो. कवितांवरील जहरी टीकेने मनही ढासळले. १८७२ मध्ये तो मृत्यूच्या दारातून परतला. डॉक्टरांनी १८८१ च्या अखेरीस क्लोरल बंद केले, पण तोवर प्रकृती पार खालावली होती. ९ एप्रिल १८८२ रोजी, वयाच्या ५३ व्या वर्षी तो निवर्तला.

क्लोरलने अनेक रुग्णांना विसावा दिला, हेही खरेच. परंतु मात्रा ठरविण्याचा अधिकार वैद्याकडून व्याकुळ रुग्णाकडे गेला, की उपचाराचे व्यसन होते. झोपेची औषधे बदलली. हा धोका मात्र टळलेला नाही.